टर्बो गाडीचा नॉक सेन्सर : खोट सेन्सरची की इंजिनाची?

मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावर कट्टा ही बाजारपेठ लागते. कट्ट्यासारख्या बाजारपेठांतील गॅरेजवाल्यांपुढे गेल्या काही वर्षांत एक नवे काम येऊ लागले आहे. पूर्वी टर्बो म्हटले की डिझेल गाडी, असे समीकरण होते. आता पेट्रोलच्या लहान गाड्यांनाही टर्बो बसतो. २०१३ साली फोर्ड इकोस्पोर्टचे एक लिटरचे इकोबूस्ट इंजिन आणि फोक्सवॅगन पोलोचे टीएसआय इंजिन आपल्याकडे आले. २०१७ मध्ये टाटा नेक्सॉन आणि मारुतीची बलेनो आरएस, २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि महिंद्र एक्सयूव्ही ३००, २०२० मध्ये निसान मॅग्नाईट अशी रांगच लागली. चाकरमानी गणपतीला गावी येतात, पर्यटक तारकर्लीला जातात, त्यांत या गाड्या असतात. जुन्या झालेल्या गाड्या सेकंडहँड बाजारातून आता स्थानिक गिऱ्हाइकांकडेही आल्या आहेत. कंपनीचे सर्व्हिस सेंटर दूर पडते, वॉरंटी संपलेली असते, म्हणून गाडी आपल्या दारात उभी राहते.

तक्रार बहुधा अशी असते : "चेक इंजिनचा दिवा लागला आहे, गाडी चढावाला उचल घेत नाही, पेट्रोल जास्त खाते." मिस्त्री स्कॅनर लावतो. पडद्यावर नॉक सेन्सरचा कोड येतो. मिस्त्री सेन्सर बदलतो, दिवा जातो, गिऱ्हाईक पैसे देऊन जातो आणि पंधरा दिवसांनी परत येतो. दिवा पुन्हा लागलेला असतो. कधी कधी त्याहून वाईट होते. सेन्सर मुळात खरे सांगत होता आणि त्याचे न ऐकल्यामुळे पिस्टन फुटतो. अशा वेळी इंजिन उघडण्याचा खर्च कोणी सोसायचा, यावरून वर्षानुवर्षांचे संबंध तुटतात. म्हणून हा विषय जरा सविस्तर समजून घेणे प्रत्येक कारागिराच्या हिताचे आहे.

नॉक म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी पडते आणि तेथून आग मिश्रणात क्रमाने पसरत जाते. हे पसरणे झपाट्याचे असले तरी शिस्तीचे असते. परंतु कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतके तापले की आगीची लाट पोचण्याआधी ते आपोआप पेट घेते, तर दाबाचा एक धक्का सिलेंडरच्या भिंतींवर आदळतो. बाहेर टिणटिण किंवा खडखड असा आवाज येतो. त्यालाच आपण नॉकिंग किंवा पिंकिंग म्हणतो. थोडा वेळ आणि हलके नॉकिंग इंजिन सोसते. जोराचे नॉकिंग चालू राहिले तर पिस्टनच्या रिंगांमधील पट्टी तुटते, पिस्टनचा माथा खरवडल्यासारखा होतो, हेड गॅस्केट जाते.

अॅम्बॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनीवर हात बसलेल्या जुन्या उस्तादांना हे नव्याने सांगायला नको. घाटात इंजिन टिणटिण करू लागले की ते डेल्को किंचित फिरवून टायमिंग मागे घेत. ठिणगी थोडी उशिरा पडली की सिलेंडरमधील सर्वोच्च दाब कमी होतो आणि नॉकिंग थांबते. आजच्या गाडीत डेल्को नाही. तेच काम संगणक, म्हणजे ईसीयू करतो. मात्र ईसीयूला कान नाहीत. नॉक सेन्सर हा त्याचा कान होय.

टर्बोमध्ये हा कान अधिक मोलाचा का?

टर्बो हवा दाबून सिलेंडरमध्ये भरतो. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते, तसेच हे आहे. ३० अंश सेल्सियसची हवा दुप्पट दाबापर्यंत नेली तर अगदी आदर्श हिशेबानेही ती सुमारे ९५ अंशांवर जाते. प्रत्यक्षात टर्बो इतका आदर्श नसतो, म्हणून ती त्याहूनही अधिक तापते. इंटरकूलर तिला थंड करतो, पण पूर्वीइतकी नाही. म्हणजे टर्बो इंजिनात दाबही जास्त आणि उष्णताही जास्त. नॉकिंगला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी हजर. म्हणूनच टर्बो गाड्यांना नॉक सेन्सरची गरज सर्वांत आधी भासली. अमेरिकेच्या ब्यूक कंपनीने १९७८ साली आपल्या टर्बो व्ही-६ इंजिनावर तो बसवला. १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या साब कंपनीने एपीसी नावाची पद्धत आणली. तिच्यात नॉकिंग ऐकू येताच टर्बोचा दाबच कमी केला जाई. आजचा ईसीयू टायमिंग आणि टर्बोचा दाब ही दोन्ही शस्त्रे वापरतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हा लेख पेट्रोल टर्बोपुरता आहे. डिझेल इंजिनाचा ठोका हा त्याच्या स्वभावातच असतो. काही डिझेल इंजिनांवर असाच दिसणारा सेन्सर असतो, पण त्याचे काम इंजेक्टरची वेळ जुळवून घेण्याचे असते. दोन्हींची गल्लत करू नये.

सेन्सरची रचना

सेन्सरच्या आत पिझो जातीच्या स्फटिकाची किंवा सिरॅमिकची चकती असते. अशा पदार्थावर दाब पडला की त्यातून विजेचा अल्प दाब निर्माण होतो, हा गुण फ्रान्सच्या क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. सेन्सर ब्लॉकला बोल्टने घट्ट बसवलेला असतो. ब्लॉक थरथरला की चकतीवर ताण येतो आणि काही मिलिव्होल्टचा संकेत तारेतून ईसीयूकडे जातो. बाहेरून वीज न देता तो स्वतःच संकेत तयार करतो.

नॉकिंगची थरथर ठरावीक सुरात असते आणि तो सूर सिलेंडरच्या व्यासावर अवलंबून असतो. मारुतीच्या एक लिटर बूस्टरजेट इंजिनाचा बोअर ७३ मिलिमीटर आहे, ह्युंदाईच्या एक लिटर टर्बोचा ७१ मिलिमीटर. या मापाच्या सिलेंडरचा सूर हिशेबाने सेकंदाला सुमारे ८ हजार कंपनांच्या आसपास येतो. ईसीयू हा सूर बाकीच्या गोंगाटातून गाळून घेतो. शिवाय तो सर्व वेळ ऐकत नाही. तीन सिलेंडरचे इंजिन ३००० आरपीएमवर सेकंदाला ७५ वेळा पेट घेते. प्रत्येक पेटीनंतर क्रँकच्या काही अंशांपुरता ईसीयू कान उघडतो आणि त्यावरून नॉक कोणत्या सिलेंडरचा ते ओळखतो. ही गोष्ट तपासणीत फार उपयोगी पडते. ती पुढे येईलच.

सेन्सर दोन प्रकारचे असतात. जुन्या पद्धतीचा, ठरावीक सुरालाच जोराने प्रतिसाद देणारा, आटे असलेला सेन्सर बहुधा एकाच तारेचा असतो. आजच्या बहुतेक गाड्यांत मध्ये भोक असलेला, चपटा, गोल, दोन तारांचा सेन्सर येतो. तो सर्व सूर सारखेच पकडतो आणि निवड ईसीयूवर सोपवतो.

सेन्सर निकामी झाला तर गाडी काय करते?

कान बंद झाला हे ईसीयूला कळले की तो सावध होतो. नॉकिंग होत असावे असे धरून तो टायमिंग मागे ओढतो आणि बऱ्याच गाड्यांत टर्बोचा दाबही कमी करतो. गाडी सुस्त होते. गिऱ्हाइकाला वाटते टर्बो गेला. फोंडा, करूळ किंवा आंबोलीच्या घाटात तर ही सुस्ती लगेच जाणवते. पेट्रोलही जास्त जाते. अशी गाडी महिनोन्महिने चालवणे बरे नव्हे. ठिणगी उशिरा पडली की जळणे उशिरापर्यंत चालते, सायलेन्सरकडे जाणारा धूर अधिक तापतो आणि टर्बो व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोघांनाही ती उष्णता सोसावी लागते.

परंतु हीच सारी लक्षणे सेन्सर ठणठणीत असून इंजिन खरोखर नॉक करीत असेल तरीही दिसतात. सगळा गोंधळ येथेच होतो. म्हणून तपासणीत पहिला प्रश्न "सेन्सर चांगला की वाईट?" हा नसावा. "सेन्सर सांगतो ते खरे की खोटे?" हा असावा.

पहिली पायरी : गिऱ्हाइकाला विचारा

बॉनेट उघडण्याआधी चार प्रश्न विचारावेत. दिवा केव्हापासून लागतो, पेट्रोल भरल्यानंतर लगेच की पावसात पाण्यातून गाडी गेल्यानंतर? सुस्ती सतत आहे की फक्त चढावाला आणि उन्हात? गाडी किती दिवस उभी होती? इंजिनाला शेवटचा हात कोणी आणि कशासाठी लावला? मुंबईकराची गाडी गावच्या अंगणात चार महिने उभी असेल तर टाकीतले पेट्रोल शिळे झालेले असते आणि तारा उंदरांनी कुरतडल्या असण्याचा संभव मोठा असतो. नुकतेच इनटेक मॅनिफोल्ड उतरवून कोणी काम केले असेल तर सेन्सरचा बोल्ट किंवा कनेक्टर ढिला राहिला असेल. या चार प्रश्नांत निम्मे निदान होते.

दुसरी पायरी : कोड वाचा, पण लगेच पुसू नका

भारतात १ एप्रिल २०१३ पासून मोटारींना ओबीडी-२ ची पद्धत लागू झाली. त्यानंतरच्या गाड्यांत साध्या स्कॅनरनेही कोड वाचता येतात. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष नोंदला गेला तेव्हाचे आरपीएम, लोड, पाण्याचे तापमान ही माहितीही असते. ती वहीत उतरवून घ्यावी. कोड पुसला की ती जाते.

नॉक सेन्सरचे मुख्य कोड असे आहेत. पी ०३२५ म्हणजे पहिल्या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. पी ०३२६ म्हणजे संकेत अपेक्षित मर्यादेत नाही. पी ०३२७ म्हणजे संकेत फार कमी. पी ०३२८ म्हणजे संकेत फार जास्त. पी ०३२९ म्हणजे संकेत मधूनच तुटतो. पी ०३३० ते पी ०३३४ हे दुसऱ्या सेन्सरसाठी आहेत. पी ०३२४ हा नॉक नियंत्रण पद्धतीतील दोष होय.

कोडचा अर्थ नीट लावावा. ०३२७ आला तर तुटलेली किंवा अर्थ झालेली तार, गंजलेला पिन, ढिला बोल्ट यांचा संशय आधी घ्यावा. ०३२६ किंवा ०३२८ आला तर तारेबरोबरच इंजिनातील दुसऱ्या एखाद्या आवाजाचा किंवा खऱ्या नॉकिंगचा विचार करावा. बरोबरीने पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी ०३०० पासूनचे मिसफायरचे किंवा पी ०२३४ म्हणजे टर्बोचा दाब प्रमाणाबाहेर, असे कोड असतील तर आधी त्यांच्याकडे पाहावे. पातळ मिश्रण आणि जादा दाब ही दोन्ही नॉकिंगची जन्मदाती आहेत. त्यांना हात न लावता सेन्सर बदलणे म्हणजे ताप मोजणारी काच बदलून ताप उतरण्याची वाट पाहणे होय.

तिसरी पायरी : डोळ्यांनी तपासणी

आपल्या किनारपट्टीवर हवा खारी आणि दमट. त्यात चार महिन्यांचा पाऊस. कनेक्टर काढून पिनांवर हिरवट गंज आहे काय ते पाहावे. रबरी सील जाग्यावर आहे काय, आत पाणी किंवा तेल शिरले आहे काय ते पाहावे. तार गरम पाईपाला किंवा मॅनिफोल्डला घासते काय, उंदराने सोलली आहे काय, हे हाताने चाचपून पाहावे. संकेत काही मिलिव्होल्टचाच असल्यामुळे थोडासा गंजही त्याला पुरेसा होतो. अनेक गाड्यांत या तारेभोवती जाळीचे आवरण असते. ते तुटले तर इग्निशन कॉइलचा गोंगाट तारेत शिरतो आणि ईसीयूला खोटा नॉक ऐकू येतो.

सेन्सरचा बोल्ट टॉर्क पान्याने तपासावा. चपट्या सेन्सरला साधारणपणे २० न्यूटन मीटर, म्हणजे सुमारे २ किलो-मीटर, इतका ताण असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातून घ्यावा. ढिला सेन्सर कमी ऐकतो, जादा आवळलेल्या सेन्सरची चकती तडकते किंवा तो चुकीचे ऐकतो.

चौथी पायरी : मीटर

चावी बंद करून कनेक्टर काढावा. सेन्सरच्या दोन पिनांमधील रेझिस्टन्स मोजावा. येथे एक सर्रास होणारी चूक टाळावी. काही सेन्सरांत आत रेझिस्टर बसवलेला असतो आणि मीटर काही लाख ओहम दाखवते. काहींत तो नसतो, तेथे मीटर ओपन दाखवते आणि तेच बरोबर असते. म्हणून "मीटर हलले नाही, सेन्सर मेला" असा निकाल पुस्तकातील आकडा पाहिल्याशिवाय देऊ नये. मात्र दोन पिनांमध्ये जवळजवळ शून्य ओहम आले, किंवा दोन तारांच्या सेन्सरची एखादी पिन त्याच्या धातूच्या अंगाशी जोडलेली दिसली, तर तो नक्कीच खराब.

मग तार तपासावी. बॅटरीची निगेटिव्ह काढून ईसीयूचा कनेक्टर सोडवावा आणि प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत जोडलेली आहे काय, तसेच ती बॉडीशी, बॅटरीच्या पॉझिटिव्हशी किंवा शेजारच्या तारेशी चिकटली नाही ना, हे पाहावे. मोजताना वायरिंग हलवत राहावे. मधूनच येणारा दोष असाच सापडतो.

पाचवी पायरी : ठोका मारून पाहणे

सेन्सर ब्लॉकवर बसलेला असताना मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून सेन्सरच्या पिनांना लावावे आणि सेन्सरजवळच्या ब्लॉकवर लहान पान्याने हलका ठोका मारावा. आकडा उसळला तर चकती जिवंत आहे. ठोका सेन्सरवर मारू नये, अॅल्युमिनियमच्या पातळ भागावरही नाही. साधे मीटर संथ असते, त्याला क्षणिक संकेत नीट पकडता येत नाही, म्हणून दोन-चार वेळा करून पाहावे. ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप असेल त्यांना ठोक्यागणिक उठणारी आणि विझणारी लाट स्वच्छ दिसेल.

काही मिस्त्री इंजिन चालू ठेवून ब्लॉकवर ठोके मारतात आणि स्कॅनरवर टायमिंग उतरते काय ते पाहतात. उतरले तर उत्तम. न उतरले तर मात्र सेन्सरला दोष देऊ नये, कारण आयडलवर किंवा कमी लोडवर पुष्कळ ईसीयू नॉककडे लक्षच देत नाहीत, आणि ठोका त्यांच्या ऐकण्याच्या क्षणी पडेलच असेही नाही.

सहावी पायरी : साक्षीदाराची उलटतपासणी

तार ठीक, बोल्ट ठीक, चकती जिवंत, आणि तरीही ईसीयू टायमिंग मागे ओढतो. आता सेन्सर खरे बोलत असण्याची शक्यता सर्वांत जास्त. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर स्कॅनरवर टायमिंग आणि नॉक रिटार्डचे अंश लावून ठेवावेत आणि शेजारी माणूस बसवून गाडी चढावावर लोडमध्ये न्यावी. चालकाने पडद्याकडे पाहू नये.

एकाच सिलेंडरचे टायमिंग मागे जात असेल तर दोष त्या सिलेंडरचा : अडकलेला इंजेक्टर, चुकीचा प्लग, पिस्टनवर साचलेला कार्बन. सर्व सिलेंडरचे मागे जात असेल तर पेट्रोल, उष्णता, टर्बोचा दाब किंवा बाहेरचा गोंगाट.

नंतरची परीक्षा सोपी आणि स्वस्त आहे. टाकी जवळजवळ रिकामी झाल्यावर ९५ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरावे, त्याच रस्त्यावर, तशाच उन्हात, तेवढ्याच वजनाने गाडी पुन्हा चालवावी. रिटार्डचे अंश स्पष्टपणे कमी झाले तर समजावे की सेन्सर प्रामाणिक आहे आणि इंजिन खरोखरच नॉक करीत होते. पेट्रोल बदलूनही, कमी लोडवरही आकडा तसाच राहिला तर नॉकिंगऐवजी इंजिनातील दुसरा आवाज सेन्सर ऐकत असावा. ढिला ब्रॅकेट, ब्लॉकला टेकणारा पाईप, खडखडणारी टायमिंग चेन, आवाज करणारे टॅपेट, बसलेले इंजिन माउंटिंग, हे सर्व तपासावे. लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप येथे आजही उपयोगी आहे.

खऱ्या नॉकिंगची कारणे

पेट्रोल हे पहिले. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची आपोआप पेट न घेण्याची ताकद. पूर्वी ही ताकद वाढवण्यासाठी शिसे मिसळत. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. आता इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८ असल्याने मिश्रणाची नॉकविरोधी ताकद वाढते. मात्र इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते. दमट हवेत अर्धी रिकामी टाकी घेऊन महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी या दृष्टीने संशयास्पद असते. बाटलीत भरून विकलेल्या पेट्रोलचाही भरवसा धरू नये.

उष्णता हे दुसरे. इंटरकूलरच्या जाळीत चिखल, पाने, किडे अडकलेले असतात. ते हलक्या पाण्याने धुवावे, जोराच्या फवाऱ्याने पाती वाकवू नयेत. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वर्षानुवर्षे भरले असेल तर आत क्षार धरतात आणि इंजिन आतून जास्त तापते. थर्मोस्टॅट आणि पंखा तपासावा.

कार्बन आणि तेल हे तिसरे. टर्बोच्या सीलमधून किंवा ब्रीदरमधून तेलाची वाफ सिलेंडरमध्ये गेली की मिश्रणाची ताकद घटते. पिस्टनवरचा कार्बन निखाऱ्यासारखा तापतो. प्लग कंपनीने सांगितलेल्या नंबरचाच असावा.

चौथे कारण इंजिन ऑईलचे. थेट सिलेंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमवर आणि जादा लोडवर, ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटते आणि जबरदस्त धक्का बसतो. हा प्रकार पिस्टन एका फटक्यात फोडू शकतो. मिश्रण ठिणगीआधीच पेटलेले असल्यामुळे टायमिंग मागे घेऊन तो थांबत नाही. त्याला रोखणाऱ्या ऑईलसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी हे दर्जे आले. म्हणून अशा गाडीत "कुठलेही चालते" म्हणून स्वस्त ऑईल ओतू नये. कंपनीने सांगितलेला ग्रेड आणि दर्जा डब्यावर वाचून घ्यावा. चढावाला वरच्या गिअरमध्ये पाय दाबून गाडी ओढू नये, असेही गिऱ्हाइकाला सांगावे.

नॉकिंग बरेच दिवस चालले असावे असा संशय आला तर प्लग काढून पाहावेत. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरीसारखे काळे ठिपके किंवा अॅल्युमिनियमचे चकचकीत कण दिसले तर पिस्टन झिजू लागला आहे. मग कॉम्प्रेशन मोजावे आणि प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून आत पाहावे. हे गिऱ्हाइकाला दाखवून, त्याच्यासमोर करावे.

सेन्सर बदलावाच लागला तर

बऱ्याच इंजिनांत सेन्सर इनटेक मॅनिफोल्डखाली असतो. तेथे सुट्या भागापेक्षा मजुरी जास्त होते आणि गॅस्केटही नवी लागते. म्हणून एकदाच उघडायचे आणि नीट करायचे. ब्लॉकवरची बसण्याची जागा स्वच्छ, कोरडी आणि सपाट हवी. रंग, गंज, जुने सिलंट काढून टाकावे. चपट्या सेन्सरखाली वायसर, टेप किंवा सिलंट लावू नये. धातूला धातू भिडला पाहिजे. बोल्ट मूळ लांबीचा असावा आणि टॉर्क पान्यानेच आवळावा. तार ओढलेली राहू नये. नकली माल ओळखणे कठीण असते, म्हणून पार्ट नंबर जुळवून, पावती घेऊनच सेन्सर आणावा. त्यानंतर कोड पुसून गाडी लोडमध्ये चालवावी आणि पुन्हा स्कॅन करावे. दिवा गेला एवढ्यावर समाधान मानू नये. टायमिंग पूर्वपदावर आले की नाही ते पाहावे.

हे कदापि करू नका

सेन्सरच्या जागी रेझिस्टर जोडून ईसीयूला फसवण्याची युक्ती काही जण सांगतात. दुसरी युक्ती म्हणजे सेन्सर ब्लॉकवरून काढून बॉडीला किंवा ब्रॅकेटला बांधणे. दोन्हींत दिवा जातो, गाडीला उचल येते आणि गिऱ्हाईक खूश होतो. पण इंजिनाचा कान कापलेला असतो. पुढच्या मे महिन्यात भरलेली गाडी घाट चढू लागेल तेव्हा नॉकिंगची खबर ईसीयूला लागणार नाही आणि पिस्टन फुटेपर्यंत कोणालाच काही कळणार नाही. साध्या गाडीत ही युक्ती वाईट, टर्बो गाडीत ती इंजिनाच्या मुळावर उठणारी आहे. गिऱ्हाइकाने स्वतः आग्रह केला तरी नकार द्यावा. गाडी आपल्याकडे असते तेव्हा ती अमानत असते.

हिशेबाची बाजू

आपल्याकडे सुट्या भागाचे पैसे गिऱ्हाईक देतो, पण तपासणीचे पैसे द्यायला कुरकुरतो. त्यामुळे मिस्त्रीही तपासणीत वेळ न घालवता भाग बदलून मोकळा होतो. हा व्यवहार दोघांच्याही तोट्याचा आहे. तपासणीची मजुरी आधीच सांगून ठरवावी. वहीत गाडीचा नंबर, किलोमीटर, कोड, फ्रीझ फ्रेम, मोजलेले आकडे आणि केलेले काम लिहावे आणि त्याची एक प्रत गिऱ्हाइकाला द्यावी. काढलेला जुना सेन्सर त्याच्या हाती द्यावा. उद्या काही वाद निघाला तर ही वही तुमच्या बाजूने बोलेल.

चांगला स्कॅनर, टॉर्क पाना आणि बरे मीटर ही तिन्ही घेणे एका लहान गॅरेजला जड वाटत असेल तर बाजारपेठेतील दोन-तीन गॅरेजवाल्यांनी मिळून घ्यावीत आणि वापराचा हिशेब ठेवावा. हाताखालच्या पोरांना पाना धरायला शिकवतो तसे कोड वाचायला आणि आकडे लिहायलाही शिकवावे. टर्बो पेट्रोल गाड्या आता रस्त्यावर आहेत आणि त्यांची वॉरंटी वर्षागणिक संपत जाणार आहे. ज्या गॅरेजमध्ये आधी मोजतात आणि मग पाना लावतात, तेथे ही गाडी आणि तिचा मालक दुसऱ्यांदाही येईल, आणि या वेळी तक्रार घेऊन नव्हे तर नेहमीच्या सर्व्हिसिंगसाठी.